नजरेचे माप आणि मनाचे माप

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाविषयी ठरलेली चर्चा सुरू होते. वाणिज्य शाखा, सी.ए., फार तर औषधनिर्माणशास्त्र. पाच वर्षांपूर्वी नांदगाव पेठेतील आमच्या घरीही हीच चर्चा चालली होती. तेव्हा आमच्या कन्येने शांतपणे सांगितले, “मला मानसशास्त्र शिकायचे आहे.” क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आजी म्हणाली, “म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं तू?” माझ्या मनात वेगळीच चिंता होती. उद्या स्थळे येतील, तेव्हा लोक काय म्हणतील?

यंदा तिचे एम.ए. पूर्ण झाले. या पाच वर्षांत ती जे शिकली त्यातील थोडे आमच्याही वाट्याला आले. समाजातील अनेक मुले-मुली आता या विषयाकडे वळत आहेत. त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पहिला अपेक्षाभंग

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. त्यापूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. आज संत गाडगे बाबांच्या नावाने चालणाऱ्या या विद्यापीठामुळे पाच जिल्ह्यांतील मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळते. आमची कन्याही रोज महामार्गावरून बसने अमरावतीच्या महाविद्यालयात जाई.

तिच्या वर्गात बहुतेकांची समजूत अशी होती की, या विषयात समोरच्याच्या मनातले ओळखायला शिकवतात. प्रत्यक्षात प्रारंभ झाला तो मेंदूची रचना, मज्जापेशी आणि ज्ञानेंद्रिये यांच्यापासून. पुढे संख्याशास्त्र आले. गणित टाळण्यासाठी कला शाखेत आलेली मुले मध्यमान आणि प्रमाण विचलन यांची गणिते पाहून हबकली. लहानपणापासून दुकानातील रोजमेळ पाहत आलेल्या आमच्या मुलीला मात्र आकड्यांची भीती वाटली नाही.

भाषेची अडचण सर्वांनाच होती. चांगली पुस्तके इंग्रजीत, परीक्षा मराठीत. ‘अवधान’, ‘प्रबलन’, ‘अभिसंधान’ हे शब्द मराठी असूनही घरात कोणी उच्चारलेले नसतात. ती प्रत्येक शब्दाला आमच्या दुकानातले उदाहरण शोधी. नियमित गिऱ्हाइकाच्या मुलाला आजोबा दर वेळी खडीसाखर देतात आणि ते मूल आईला आपल्याच दुकानाकडे ओढते, हे प्रबलन!

आजोबांची नजर

मानसशास्त्र हे प्रयोगाचे शास्त्र आहे, हे आम्हांला तिच्या प्रात्यक्षिकांमुळे कळले. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा होऊ लागला. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख.

प्रयोगाला प्रयुक्त लागतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती. एका रविवारी हा मान आजोबांना मिळाला. एका पट्टीवर दोन रेषा. एका रेषेच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. पट्टी सरकवून दोन्ही रेषा समान करायच्या. म्यूलर-लायर या जर्मन अभ्यासकाने १८८९ मध्ये हा दृष्टिभ्रम मांडला होता. आजोबांनी पन्नास वर्षे कापड मोजले आहे. ताक्यातून किती कापड उलगडले, हे ते मीटर न लावता सांगतात. त्यांनी पट्टी सरकवली आणि ठामपणे म्हणाले, “झाल्या समान.” मोजले, तर चांगलाच फरक निघाला. भ्रम कसा होतो, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चूक! आपण फसत आहोत हे ठाऊक असूनही डोळा फसतच राहतो.

आजोबा बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसले. मग म्हणाले, “म्हणूनच दुकानात मीटर ठेवतात.”

त्या वाक्याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

आमची चूक

माझा चुलत भाऊ आमच्याच पेढीवर बसतो. आमचे बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी. कापूस विकला की उधारी फिटते. एका वर्षी कापूस हातचा गेला आणि उधारी अडकली. धंद्यात असे होतेच. पण त्यानंतर भाऊ बदलत गेला. सकाळी उठेना, जेवेना, गल्ल्यावर बसून शून्यात पाहत राही. आम्ही सर्वांनी नजरेने माप काढले आणि निर्णय दिला: आळस आला आहे. कोणी म्हणे, जबाबदारी टाळतो. कोणी म्हणे, सामायिक कर, मन शांत होईल. उपदेश सगळ्यांनी केला. ऐकून मात्र कोणीच घेतले नाही. तब्बल दीड वर्ष असे गेले.

कन्या तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मी तिला विचारले, “तू शिकतेस ना? सांग, काकांना काय झाले आहे?” तिने नकार दिला. “बाबा, मी विद्यार्थिनी आहे. शिवाय ते माझे काका आहेत. घरच्यांचे निदान करायचे नाही, हे आम्हांला आधी शिकवतात. पण हा आळस नसावा. त्यांना तज्ज्ञांकडे न्या.” ती काकांजवळ मात्र रोज बसे. सल्ला देत नसे. फक्त विचारी आणि ऐके. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला की, सकाळ होऊच नये असे वाटते. तिने त्याला सांगूनच ते आमच्या कानावर घातले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही अमरावतीला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. निदान झाले: नैराश्य. औषधे आणि समुपदेशन दोन्ही सुरू झाले. सुधारणा सावकाश झाली, मध्ये पुन्हा घसरणही झाली. आज तो दुकान उघडतो, हिशेब पाहतो. सामायिकही करतो. ते त्याला आधार देते. पण आजाराला उपचार लागतात, हे आता आजीलाही पटले आहे.

व्यापारी माणूस तोलल्याशिवाय माल देत नाही, मोजल्याशिवाय कापड फाडत नाही. तोच माणूस घरातल्यांच्या मनाचे माप मात्र नजरेने काढतो. ‘नाटके करते’, ‘डोक्यावर बसला आहे’ हे आपले निकाल क्षणात तयार असतात.

आमचाच जिल्हा याबाबत काही शिकवतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची लक्षणे ओळखणे, ऐकून घेणे आणि गरजूंना तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे असे त्याचे स्वरूप होते. राहुल शिधये, विक्रम पटेल आदी संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. दुःख पूर्वीही होते. ते ओळखणारे आणि ऐकणारे कोणी जवळ आले, एवढाच फरक.

पालकांसाठी थोडे

हा विषय निवडणाऱ्या मुलांच्या पालकांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. केवळ बी.ए. किंवा एम.ए. झाल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. औषधे देण्याचा अधिकार वैद्यकीय पदवी घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञांचा. शाळा, रुग्णालये, उद्योगांतील मनुष्यबळ विभाग आणि संशोधन अशा वाटाही आहेत. पण वेळ लागतो. पदवी हाती पडताच कमाईची घाई करू नये.

मुलांनाही सांभाळावे लागते. विकारांचे प्रकरण वाचताना अनेक विद्यार्थ्यांना ती सारी लक्षणे स्वतःतच दिसू लागतात. आमच्या कन्येने एक आठवडा धड झोप घेतली नव्हती. प्राध्यापकांशी बोलल्यावर ती सावरली. नातेवाइकांनी लग्नसमारंभात तिला घेरून ‘माझ्या सुनेचा स्वभाव सांग’ असे विचारणेही थांबवले पाहिजे.

आणि सर्वांसाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे बंधनकारक आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

आता स्थळे येऊ लागली आहेत. परवा एका पाहुण्यांनी विचारले, “मुलगी काय शिकली?” मी उत्तर देण्याआधीच पलीकडे बसलेला माझा चुलत भाऊ म्हणाला, “मानसशास्त्र. आणि माझ्या आजाराविषयी विचारायचे असेल, तर मला विचारा.” खोलीत थोडी शांतता झाली. मग पाहुण्यांच्या पत्नीने खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात आपल्या मोठ्या मुलाविषयी बोलू लागल्या. आम्ही सर्व जण ऐकत राहिलो.