एका दिवसात तीन हजार मीटर

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून सकाळी दहा-बारा जणांची छोटी बस निघते. सरोवरांच्या काठाने, हिरव्या कुरणांमधून ती इंटरलाकेनला येते. पुढे लाउटरब्रुनेन किंवा ग्रिंडेलवाल्ड. तेथून केबल कार व दातेरी रुळांची गाडी यांच्या साहाय्याने तीच मंडळी दुपारच्या जेवणापूर्वी युंगफ्राउयोख या रेल्वे स्थानकावर पोहोचतात. या स्थानकाची उंची ३,४५४ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंची, आणि तीही खुर्चीवरून फारसे न उठता गाठलेली. संध्याकाळी सारे पुन्हा झुरिकला.

अलीकडे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे या वाटेने जातात. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला असते, आई-बाबांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेते आणि एखाद्या रविवारी ही सहल ठरते. निघण्यापूर्वी माझ्याकडे प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, बाबांना नेलं तर चालेल ना?’’ बहुतेक वेळा माझे उत्तर ‘हो’ असे असते. मात्र त्याआधी मी एक गोष्ट स्पष्ट करून घेतो. आल्प्समधील गावे पाहणे आणि आल्प्सच्या माथ्यावर जाणे या वैद्यकीयदृष्ट्या दोन निरनिराळ्या सहली आहेत. त्या एकाच तिकिटात, एकाच दिवसात बांधलेल्या असतात, एवढेच. घरातील कोणी कोणत्या सहलीला जायचे, हे घरीच ठरवावे. बर्फासमोर उभे राहिल्यावर ते ठरवता येत नाही.

उंचीवर नेमके काय होते, ते पाहू. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. युंगफ्राउयोखला हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश राहतो. साहजिकच प्रत्येक श्वासागणिक रक्ताला मिळणारा प्राणवायू घटतो. शरीर ही तूट दोन मार्गांनी भरून काढू पाहते : श्वास जलद होतो आणि हृदय अधिक वेगाने चालते. निरोगी माणसाला त्यामुळे जिना चढताना धाप लागते, डोके हलके वाटते, बस्स. परंतु ज्याच्या हृदयाला किंवा फुप्फुसांना मुंबई-पुण्यातच जास्तीचे काम झेपत नाही, त्याच्याकडे हे वाढीव काम करण्याची शिल्लक कोठून येणार?

या प्रश्नाचा विचार हा मार्ग बांधण्यापूर्वीच झाला होता, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. आडोल्फ गायर-त्सेलर या उद्योजकाने १८९३ मध्ये या रेल्वेची कल्पना मांडली, तेव्हा प्रवाशांच्या प्रकृतीला धोका होईल की काय, अशी शंका घेतली गेली. बर्न येथील शरीरशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांनी १८९४ मध्ये एक प्रयोग केला. लहान मुलापासून वृद्धापर्यंत काही माणसांना त्यांनी हमालांकरवी उचलून ब्राइटहॉर्न पर्वताच्या सुमारे ३,७५० मीटर उंचीवरील पठारावर नेले आणि त्यांची नाडी व श्वास तपासला. स्वस्थ बसून वर गेलेल्या निरोगी माणसाला अल्पकाळ फारसा अपाय होत नाही; मात्र तेथे थोडेसे श्रम केले, की नाडी आणि धाप एकदम वाढते, असे त्यांना दिसले. रेल्वे १९१२ साली वरपर्यंत सुरू झाली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे ते निरीक्षण मी आजही रुग्णांना जवळजवळ तसेच सांगतो : वर जा, पण वर गेल्यावर धावपळ करू नका.

दुर्दैवाने वर पोहोचल्यावर होते ती धावपळच. गाडीतून उतरताच बर्फाची गुहा, मग लिफ्टने स्फिंक्स नावाच्या गच्चीवर (ही लिफ्ट शंभराहून अधिक मीटर अर्ध्या मिनिटाच्या आत वर नेते), मग बर्फाच्या पठारावर छायाचित्रे, मग परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून लगबग. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे आणि मग घरातल्या घरात चालावे तशा चालीने फिरावे. बोलता बोलता वाक्य पुरे करता येत नसेल, तर चाल जास्त झाली असे समजावे.

‘उंचीचा आजार’ म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून जाणे. याविषयी बरीच भीती असते. तो सहसा उंचीवर गेल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दोन-तीन तासांत खाली येणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला तो क्वचितच येतो. म्हणून त्यासाठी लेहच्या प्रवासात कोणीतरी दिलेली गोळी या सहलीत मनाने घेऊ नये. तिने लघवी वाढते आणि काही जणांना तिची ॲलर्जीही असते. एका दिवसाच्या सहलीतील खरे धोके वेगळे आहेत : छातीत दुखणे, दम लागणे, अचानक भोवळ येणे आणि बर्फावर घसरून पडणे. शेवटचा धोका सर्वांत साधा, म्हणूनच दुर्लक्षित. बर्फाच्या गुहेतील जमीनही बर्फाचीच असते. सत्तरीच्या बाईंनी तेथे गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून जाणे म्हणजे खुब्याच्या हाडाची परीक्षा पाहणे होय.

घरच्या घरी करता येण्याजोगा एक अंदाज सांगतो. विमानाच्या केबिनमधील दाब साधारणपणे २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीइतका राखलेला असतो. भारतातून युरोपपर्यंतचा आठ-नऊ तासांचा प्रवास ज्याने दम न लागता केला, त्याला २,०६१ मीटरवरील क्लाइने शाइडेक स्थानकापर्यंत बसून जाण्यास सहसा अडचण येऊ नये. त्यापुढचे जवळजवळ १,४०० मीटर मात्र विमानाने तपासलेले नसतात. त्यासाठी दुसरी कसोटी : नेहमीच्या चालीने दोन मजले न थांबता चढता येतात का? छातीत दाब न येता, कठडा धरून मध्येच उभे न राहता? उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

काही जणांनी माथ्याचा आग्रह सोडावाच. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, पायांवर सूज व रात्री दम ही हृदय कमकुवत झाल्याची लक्षणे असणारे, फुप्फुसांच्या जुनाट विकाराने घरीही धाप लागणारे, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेले. आणि तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रिया. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण हिमोग्लोबिन कमी असूनही आमच्या गृहिणी वर्षानुवर्षे ‘थोडा थकवा असतो’ एवढेच म्हणतात. गर्भवतींनी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात वायूचा बुडबुडा ठेवलेला असेल, तर उंचीवर तो वायू प्रसरण पावतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा व्यक्तीने विमानातही बसू नये.

विदर्भातील व खानदेशातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. त्या भागांत सिकलसेलचे रुग्ण व वाहक बरेच आढळतात. सिकलसेलच्या रुग्णाने इतकी उंची टाळावी. वाहकांना सहसा काही होत नाही; परंतु उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊन पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली तीव्र वेदना झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. तसे दुखू लागल्यास ते पित्त समजून अंगावर काढू नये, ताबडतोब खाली उतरावे.

आता ज्यांना वर जायचे नाही, त्यांनी काय करायचे? हा प्रश्न लोक इतक्या उदास स्वराने विचारतात, की जणू त्यांना बसस्टँडवर बसवून ठेवणार आहेत! लाउटरब्रुनेनची दरी सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि गावाच्या अगदी डोक्यावरून जवळजवळ ३०० मीटर खाली झेपावणारा श्टाउबाख धबधबा. दरीतील रस्ता सपाट आहे. गुडघे बदललेल्या आजीही काठी घेऊन तेथे तासभर फिरू शकतात. वेंगन हे मोटारींना मज्जाव असलेले गाव १,२७४ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या किंचित खालीच आहे. म्यूरेन साधारण कळसूबाईइतके. ग्रिंडेलवाल्डला बाकावर बसून आयगरची उत्तर भिंत समोर दिसते. मला विचाराल तर, ढगाळ दिवशी माथ्यावर पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच दिसत नाही, तेव्हा दरीत थांबलेल्यांचाच दिवस चांगला जातो. माथ्यावरच्या कॅमेऱ्यांची दृश्ये सकाळीच पाहून तिकीट काढावे, ते त्यासाठीच.

छोट्या गटाची सहल मला या कारणासाठी अधिक पसंत आहे. पन्नास जणांच्या बसमध्ये एकासाठी कोणी थांबत नाही. दहा जणांत ‘आम्ही दोघे वेंगनला थांबतो, येताना घ्या’ असे सांगता येते. पण ते आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. कोठे भेटायचे, किती वाजता, फोन कोणाचा, सगळे. जाताना ग्रिंडेलवाल्डहून निघणारी नवी केबल कार पंधरा मिनिटांत सुमारे १,४०० मीटर वर नेते. घाई नसेल तर ज्येष्ठांनी वेंगनमार्गे संथ गाडीने जावे आणि क्लाइने शाइडेकला अर्धा तास चहा घ्यावा. अर्ध्या तासात शरीर उंचीला सरावते असे नव्हे. पण पुढे जावे की नाही, याचा अंदाज तेथे शांतपणे घेता येतो.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. आपल्या पिढीचे वडील त्रास होतोय हे सांगत नाहीत. लेकाने इतके पैसे भरले, सून हौसेने घेऊन आली, नातवंडे बर्फात खेळताहेत. मग छातीतला दाब ‘गॅस’ ठरतो आणि भोवळ ‘उन्हाने’ येते. म्हणून मुलांनी त्यांना ‘‘बरं वाटतंय ना?’’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’च येते. ‘‘बाबा, आता या गाडीने आपण खाली जाऊ या, मलाही थोडं गरगरतंय,’’ असे म्हणावे. एवढ्या खोट्याला माझी वैद्यकीय संमती आहे. खाली उतरणे हाच उंचीच्या त्रासावरचा पहिला उपचार. छातीतील दुखणे विश्रांतीने थांबत नसेल, तर मात्र स्थानकातील कर्मचाऱ्यांना त्वरित सांगावे. तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४ आहे.

कोविडच्या दिवसांत घेतलेले ऑक्सिमीटर काही जण सोबत नेतात. वर ते ८८-९० असा आकडा दाखवते आणि सगळ्या घराचा धीर सुटतो. घरी हा आकडा दिसला तर मी रुग्णालय गाठायला सांगेन. त्या उंचीवर मात्र निरोगी माणसाचाही आकडा तेवढाच येऊ शकतो. यंत्राऐवजी माणसाकडे पाहावे : ओठ निळसर, बोलणे असंबद्ध, चालताना झोक जातोय, बसूनही धाप लागतेय, तर आकडा कितीही असो, खाली न्यावे.

औषधांविषयी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे प्रवासाच्या दिवशी ती परस्पर गाळतात आणि पाणी पिणेही सोडतात, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही याची धास्ती. थंडी आणि उंची या दोहोंनी रक्तदाब आधीच वाढतो, त्यात ही भर. गोळीची वेळ बदलता येते का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी इन्सुलिन पाठपिशवीत ठेवू नये, आतल्या खिशात अंगालगत ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. जेवणाला उशीर होणारच, हे गृहीत धरून साखरेच्या गोळ्या आणि दशमी-थेपला हाताशी असावा. दम्याचा पंपही आतल्या खिशातच, कारण कोरड्या थंड हवेने श्वासनलिका आवळतात. नातवंडाला सर्दी असेल, तर उतरताना कान दुखतात. त्याला घोट घोट पाणी किंवा चघळायला काहीतरी द्यावे.

गॉगल लहानथोर सर्वांनी घालावा, ढग असले तरी. ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते. डोळ्यांची आग तेव्हा जाणवत नाही. ती चार-सहा तासांनी, हॉटेलवर पोहोचल्यावर सुरू होते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी. तसे झाल्यास डोळे चोळू नयेत, अंधाऱ्या खोलीत थंड पट्ट्या ठेवाव्यात, लेन्स काढून टाकाव्यात आणि सकाळपर्यंत उतार नसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

विम्याचा कागद एकदा नीट वाचावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. परंतु पूर्वीचा हृदयविकार किंवा मधुमेह त्यात जाहीर केला नसेल, तर नेमक्या वेळी तो कागद उपयोगी पडत नाही. डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही विचारावे. या कागदाची एक प्रत, औषधांची जेनेरिक नावे आणि शेवटचा ईसीजी हे तिन्ही ज्येष्ठांच्याच खिशात असावे. सुनेच्या पर्समध्ये नको, कारण सून त्या वेळी नातवंडांबरोबर बर्फात असते.