वैमानिक कोठे पाहतो आहे?

आधी एक प्रयोग करा आणि मग पुढे वाचा. हे पान डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. पान स्थिर ठेवून, आपण ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान भरभर हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि पान तितक्याच वेगाने डावीउजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतात. असे का व्हावे?

आपल्या कानाच्या आतील भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरू लागले की त्यांना ते कळते आणि मान जितकी उजवीकडे वळेल तितके डोळे आपोआप डावीकडे वळतात. त्यामुळे नजर ओळीवरून ढळत नाही. पान हलते तेव्हा मात्र डोळ्यांना अशी सूचना मिळत नाही. म्हणजे ‘मान कोठे वळली?’ आणि ‘नजर कोठे आहे?’ हे दोन निरनिराळे प्रश्न झाले. आज ज्या उपकरणांविषयी आपण बोलणार आहोत, त्यांच्या निवडीचे मर्म याच फरकात आहे.

या विषयाला निमित्त झाला आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला. त्या गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षणाची संस्था निघाली. तिच्या उभारणीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाबरोबर सिम्युलेटर बनवणारी कॅनडाची सीएई ही कंपनी भागीदार होती. तेथील लहान विमाने पाहून या मुलाच्या मनाने वैमानिक होण्याचे घेतले. घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा सराव त्याने सुरू केला आणि एक दिवस तो विचारायला आला, “सर, हेड ट्रॅकर घेऊ की आय ट्रॅकर? बाबा म्हणतात, धानाचा चुकारा आला की देतो.” चुकाऱ्याचे पैसे म्हणजे घरच्यांचे वर्षभराचे कष्ट. तेव्हा उत्तर अंदाजाने देऊन चालणार नव्हते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला प्रश्न : असे उपकरण मुळात लागतेच कशाला? त्याच्या संगणकाचा पडदा ५३ सेंटीमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ६० सेंटीमीटर दूर होता. त्रिकोणमितीने पाहिले तर हा पडदा डोळ्याशी सुमारे ४८ अंशांचा कोन करतो, म्हणजे समोरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २४-२४ अंश. आता विमान उतरवताना काय करावे लागते ते पाहा. नेहमीच्या डाव्या फेरीत विमान आधी धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने जाते. तेव्हा धावपट्टी बरोबर डाव्या हाताला, ९० अंशांवर असते. तिचे टोक डाव्या खांद्याच्या मागे, म्हणजे नाकाच्या रेषेपासून सुमारे १३५ अंशांवर गेले की वळण घ्यायचे. २४ अंशांच्या खिडकीतून १३५ अंशांवरची धावपट्टी कशी दिसणार? मोठ्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकाभोवती रुंद, वक्र दृश्य उभे केलेले असते. घरी ते शक्य नाही. म्हणून मान थोडी वळली की पडद्यावरील चित्र पुष्कळ वळावे, अशी योजना करतात.

यातूनच दुसरी अडचण निर्माण होते. नजर पडद्यावर ठेवून मान फार तर २० अंश वळवता येते. २० अंशांत १३५ अंश दाखवायचे तर वळण जवळजवळ सातपट वाढवावे लागते. मग मोजमापातील चूकही सातपट होते! अर्ध्या अंशाची थरथर पडद्यावर साडेतीन अंशांची होईल आणि चित्र नाचू लागेल. यावर उपाय असा की, मधल्या थोड्या हालचालीकडे संगणकाने दुर्लक्ष करावे आणि मान जसजशी बाजूला जाईल तसतशी वाढ अधिक करावी. तरीही मूळ मोजमाप सूक्ष्म आणि जलद हवेच.

ते कसे करतात? एक पद्धत अवरक्त प्रकाशाची. टोपीवर किंवा हेडफोनवर तीन ठिपके बसवतात. ते स्वतः अवरक्त प्रकाश देणारे एलईडी असतात किंवा तो परावर्तित करणारे तुकडे. समोरचा कॅमेरा त्यांचा त्रिकोण पाहतो. डोके मागे गेले की त्रिकोण लहान दिसतो आणि मान वळली की त्याच्या बाजूंचे प्रमाण बदलते. त्यावरून डोक्याची तीन सरकणी आणि तीन वळणे, अशा सहा राशी गणिताने काढता येतात. ट्रॅकआयआर ५ या उपकरणाचा कॅमेरा सेकंदाला १२० चित्रे घेतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना एक. मात्र मागे उघडी खिडकी असेल तर उन्हातील अवरक्त किरणांमुळे ठिपके ओळखण्यात घोटाळा होतो.

दुसरी पद्धत साध्या वेबकॅमची. यात ठिपके नसतात. नाक, डोळ्यांचे कोपरे अशा खुणांवरून संगणक चेहऱ्याची दिशा ठरवतो. सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे ३३ मिलिसेकंदांचे अंतर. अंधारात काम आणखी मंदावते.

तिसरी पद्धत जायरोस्कोपची. तो वळण्याचा वेग मोजतो आणि त्यांची बेरीज करून कोन काढतो. पण बेरजेत चूकही साठते. सेकंदाला केवळ ०.०१ अंशाची चूक धरली तरी अर्ध्या तासात ती १८ अंश होते. त्यामुळे ‘समोर’ म्हणजे कोणती दिशा, हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

आता आय ट्रॅकर. तो डोळ्यावर मंद अवरक्त प्रकाश टाकतो. पारपटलावर त्याचा चकाकता ठिपका उमटतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण हा ठिपका त्या मानाने कमी सरकतो. दोघांमधील अंतरावरून नजरेची दिशा काढतात. युक्ती मोठी सुरेख आहे. पण डोळ्याचा स्वभाव विसरून चालत नाही. आपल्याला स्पष्ट दिसते ते जेमतेम दोन अंशांचे क्षेत्र, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत दृश्य टिपत असतो. प्रत्येक उडीबरोबर चित्रही वळू लागले तर वैमानिक कासावीस होईल. उंची पाहायला नजर खाली गेली की सारे आकाशच सरकायचे!

मग आय ट्रॅकर निरुपयोगी का? मुळीच नाही. ‘वैमानिकाने काय पाहिले?’ हे जाणण्यासाठी तो अमोल आहे. अमेरिकेत पॉल फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ पासून सिनेकॅमेऱ्याने वैमानिकांच्या डोळ्यांची चित्रे घेऊन, उतरताना ते कोणती तबकडी किती वेळ पाहतात याचा अभ्यास केला होता. ज्याला मान हलवता येत नाही, त्याच्यासाठीही हे उपकरण उपयोगी आहे. थोडक्यात, चित्र वळवायला मान आणि लक्ष तपासायला डोळा.

आमचा निर्णय झाला. लॅपटॉपचा कॅमेरा घरात होताच आणि ओपनट्रॅक ही आज्ञावली मोफत मिळते. आधी त्यावर महिनाभर सराव करायचा. थरथर फारच जाणवली तर तीन अवरक्त एलईडी टोपीवर बसवायचे. अवरक्त एलईडी पेटला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून तुम्हीही पाहा. आय ट्रॅकरचा विचार सोडून दिला. चुकाऱ्याचे पैसे घरातच राहिले.

मात्र मी त्याला एक गोष्ट बजावली. दोन विमाने सरळ रेषेत, एकसमान वेगाने धडकेच्या मार्गावर असतील, तर समोरचे विमान काचेत एकाच जागी दिसत राहते. ते सरकत नाही, फक्त मोठे होत जाते, आणि तेही अगदी शेवटी वेगाने. हलणारी वस्तू नजरेला चटकन खेचते, न हलणारी खेचत नाही. शिवाय ती काचेच्या चौकटीच्या दांडीआड लपू शकते. म्हणून खऱ्या विमानात मान पूर्ण वळवून, थोडे पुढे-मागे वाकून सारे आकाश पाहावे लागते. घरच्या पडद्यावर २० अंशांत काम भागते, पण तीच सवय हाडीमाशी खिळली तर आकाशात ती घातक ठरेल.

त्यामुळे त्याने आता एक नियम केला आहे. सराव संपला की खुर्चीवरून उठायच्या आधी तो डोळे पडद्यावरून काढतो आणि डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत सावकाश, पूर्ण मान वळवून पाहतो. त्याची धाकटी बहीण त्याला हसते. हसू दे. हा सराव कोणत्याही उपकरणाने करून देता येत नाही आणि त्याला एक पैसाही लागत नाही.