धडधडीचा माग

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीतून स्टेशन गाठायचे, सकाळची लोकल पकडायची आणि मुंबई सीएसएमटीपर्यंतचे 68 किलोमीटर बहुधा उभ्यानेच काढायचे, हा इथल्या नोकरदारांचा रोजचा शिरस्ता. त्या गर्दीत एखाद्याची छाती अचानक धडधडू लागते. ठोके मिनिटाला 180 वर जातात, घशाला कोरड पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग धडधड जशी आली तशी एकाएकी थांबते. दवाखाना गाठेपर्यंत नाडी 80 आणि ईसीजी नॉर्मल. ‘पित्त झालं असेल’, ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून माणूस घरी येतो.

बाई असेल तर टेन्शनचा शिक्का आणखी लवकर बसतो. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी धडधड असलेल्या 107 रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा 67 टक्के जणांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डरच्या व्याख्येत चपखल बसत होती. प्रत्यक्षात बिघाड होता हृदयातल्या विजेत.

ही वीज उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून निघते, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकते आणि खालच्या कप्प्यांत पसरते. काहींच्या हृदयात जन्मापासून एखादी जादा वाट असते. एखादा ठोका अवेळी पडला की वीज एका वाटेने खाली आणि दुसरीने वर अशी गोल फिरू लागते. ती वाट शोधून जाळून टाकली की आजार मुळातून जातो. हेच ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून तारेसारखा कॅथेटर हृदयात नेतात आणि त्याच्या टोकाने 50 अंशांहून अधिक उष्णता देऊन काही मिलिमीटरचा भाग निकामी करतात.

पण जाळायचे नेमके कुठे? पूर्वी सारा भरवसा एक्स-रेच्या पडद्यावर असे. धडधडत्या, पोकळ, त्रिमितीय अवयवाची ती सपाट सावली. शिशाचा जड एप्रन घालून डॉक्टर तासन्‌तास उभे राहत आणि रुग्णाच्या अंगावर किरण पडत राहत. इस्रायलमधील हैफा इथल्या टेक्नियन संस्थेतले श्लोमो बेन-हैम, लिओर गेपस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी 1997 साली यातून सुटण्याची रीत प्रसिद्ध केली. टेबलाखाली तीन चुंबकीय कुंडले आणि कॅथेटरच्या टोकात इवलासा सेन्सर. जमिनीच्या मोजणीत ठाऊक असलेल्या खुणांपासून अंतरे धरून हद्दीचा दगड ठरवतात, तसेच इथे तीन कुंडलांच्या प्रभावावरून टोकाची जागा मिलिमीटरभराच्या अचूकतेने कळते. टोक आतल्या भिंतीला टेकत फिरते; प्रत्येक ठिकाणी जागा आणि वीज पोहोचण्याची वेळ यांची एकत्र नोंद होते. ‘कार्टो’ नावाने हे यंत्र जगभर गेले. शरीरावर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून सूक्ष्म प्रवाह सोडून जागा ठरवणारे ‘एनसाइट’ही पुढे आले.

ॲब्लेशनच्या खोलीतल्या, म्हणजे कॅथ लॅबच्या, पडद्यावर मग हृदयाचा कप्पा रंगात उमटतो. वीज जिथे सर्वांत आधी पोहोचते तो भाग लाल, पुढे पिवळा, हिरवा, निळा आणि सर्वांत उशिराचा जांभळा. लाल आणि जांभळा एकमेकांना भिडलेले दिसले की वीज गोल फिरत असल्याचा दाट संशय येतो. दुसरा नकाशा विजेच्या जोराचा. खालच्या कप्प्यात 1.5 मिलिव्होल्टच्या वर स्नायू निरोगी मानतात, 0.5 च्या खाली दाट व्रण. जुन्या हार्ट अटॅकनंतर अशा व्रणातल्या जिवंत तंतूंच्या चिंचोळ्या वाटांमधूनच जीवघेणी धडधड सुरू होते.

इथे एक गोष्ट रुग्णांना स्पष्ट सांगायला हवी. सर्वांना हे महाग यंत्र लागत नाही. एव्ही नोडजवळची साधी धडधड किंवा जन्मजात जादा वाट साध्या पद्धतीनेही शंभरात पंच्याण्णवांच्या आसपास बरी होते. नकाशाची खरी गरज व्रणांना, शस्त्रक्रिया झालेल्या हृदयांना, एट्रियल फिब्रिलेशनला (वरच्या कप्प्यांतली विस्कळीत, अनियमित धडधड) आणि किरण टाळायचे असलेल्या गरोदर बाईला. धोकेही आहेतच. क्वचित हृदयाभोवती रक्त साचते. क्वचित मूळ वाटेलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागतो.

आपल्याकडच्या हृदयांची दुखणीही वेगळी. पाश्चात्त्य देशांत एट्रियल फिब्रिलेशन बहुतांशी उतारवयाचा आजार. इथे बालपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले तरुणही त्यात सापडतात. मुंबईत डॉ. अमित व्होरा, डॉ. यश लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी अशाच 144 रुग्णांचा अभ्यास करून 2004 साली तो प्रसिद्ध केला. नुसता वेग आवरण्यापेक्षा लय पूर्ववत राखल्यास या रुग्णांना अधिक फायदा होतो, असे त्यात दिसले. हैदराबादचे डॉ. कलांबूर नरसिंहन आणि सहकारी यांचा 2011 चा शोध तर चकित करणारा आहे. हृदयाची ताकद शाबूत असूनही खालच्या कप्प्यातून धडधड येणाऱ्या काही रुग्णांच्या छातीतल्या गाठी तपासल्या, तेव्हा कुणात क्षयरोग निघाला, कुणात सारकॉइडोसिस हा गाठींचा आजार. अशा वेळी धडधडीची जागा नुसती जाळून भागत नाही. मुळातल्या रोगावर औषधे द्यावीच लागतात.

या सगळ्याची पहिली पायरी मात्र मांजर्लीतच आहे. धडधड चालू असतानाचा बारा लीडचा ईसीजी मिळाला, तर बिघाड कोणत्या कप्प्यातला याचा बराचसा अंदाज विशेषज्ञाला कॅथेटर घालण्याआधीच येतो. म्हणून झटका आला की मुंबईत परळचे मोठे रुग्णालय गाठण्याची वाट न बघता जवळचा ईसीजी गाठावा. दवाखान्यात धडधड थांबवायला ॲडेनोसिनचे इंजेक्शन देणार असतील, तर ईसीजीची पट्टी चालू ठेवूनच द्यावे. थांबतानाचे ते चारदोन ठोके सर्वांत जास्त सांगून जातात. शेजारच्या अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. तिथे नकाशाचे यंत्र यायला वेळ लागेल, पण धडधडीच्या रुग्णाचा केसपेपर निघण्याआधी ईसीजी काढायला कोणाची हरकत नसावी. आणि त्याची प्रत रुग्णाने मागून घ्यावी, लगेच मोबाइलवर तिचा फोटो काढावा. बऱ्याच ठिकाणी हा कागद थर्मल असतो आणि काही महिन्यांत त्यावरच्या रेघा फिक्या पडतात.