केस पिकले, पुढे काय?

‘आमचे केस काय उन्हात पांढरे झालेत?’ असं मोठी माणसं ऐकवतात, तेव्हा पांढऱ्या केसांची ऐट असते. तोच केस आपल्या भांगात पहिल्यांदा दिसला की हात कलपाकडे वळतो.

केसाचा रंग मुळाशी ठरतो. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करून वाढत्या केसात भरत राहतात. केस काही वर्षं वाढतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. या प्रत्येक फेरीला ताज्या रंगपेशी लागतात आणि त्या मूळपेशींच्या साठ्यातून येतात. साठा आटला की केस रंगाविनाच उगवतो. बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे राणी मारी आंत्वानेतचे केस एका रात्रीत पांढरे झाले ही कथा कथाच समजावी. एक उपटला की दहा उगवतात, हेही खोटं. त्या मुळातून एकच केस येणार, तोही पांढराच.

साठा कधी आटणार हे बरंचसं आई-वडिलांकडून येतं. पण काळजीने केस पिकतात हे आजीचं म्हणणंही अगदीच हसण्यावारी नेऊ नये. तीव्र ताणाखाली नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे मूळपेशी एकदम कामाला लागतात आणि साठा संपतो, हे हार्वर्डच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं, अर्थात उंदरांमध्ये. पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर मात्र बी-12, लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं सर्रास आढळतं. कमतरता भरून निघाल्यावर काहींचा रंग परततो. आनुवंशिक पांढरेपणाला मात्र बाजारातलं कुठलंही तेल पुरत नाही, मग जाहिरातीत जटाधारी ऋषी असोत की डॉक्टरचा कोट घातलेला नट.

आता कलप. इथे सगळ्यात मोठी फसगत ‘काळी मेंदी’ करते. मेंदीच्या पानातला रंग केसावर तांबूस-नारिंगीच चढतो. काळा हवा असेल तर मेंदीनंतर नीळ लावावी लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. छोट्या पुडीतली मेंदी तासाभरात केस कुळकुळीत काळे करत असेल, तर तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी, असतं. पक्क्या कलपांतलं हे नेहमीचं रसायन. अनेकांना ते वर्षानुवर्षं सोसतं आणि मग एके दिवशी कपाळ खाजतं, पापण्या सुजतात. एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जन्माची. ‘अमोनिया-फ्री’ वाचून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं. म्हणून पुडीची पुढची बाजू सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ‘हर्बल’ या शब्दावर माझा तरी काडीचा विश्वास नाही.

लावायचा की नाही, हा प्रश्न निव्वळ वयाचा नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ हजर. एकदा सुरू केलं की ही राबणूक आली. शिवाय पुरुषाचे पिकलेले केस रुबाबदार ठरतात आणि बाईला मात्र ‘बरं नाही का तुला?’ असं विचारलं जातं. इंदिरा गांधींची पांढरी बट त्यांची ओळख झाली. साध्या नोकरदार बाईला ती मुभा सहज मिळत नाही. त्यामुळे कोणी हौसेने रंगवत असेल तर खुशाल रंगवावेत. लोक काय म्हणतील या धाकाने दर महिन्याला डोक्याला रसायन फासायला मात्र माझी ना आहे. सोडायचंच ठरलं तर केस थोडे कापून घ्यावेत. दोन रंगांचे ते अवघड महिने लवकर सरतात.

आणि लावणार असाल, तर कलप कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास वाट पाहा. दर वेळी, जुन्या ओळखीचा ब्रँड असला तरीही. खाज किंवा सूज आली तर पुडी फेकून द्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.