मूत्राशय काढल्यानंतरचा सीटी

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूत शिरला की अनेकदा मूत्राशयच काढावं लागतं. मग लहान आतड्याच्या तुकड्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडून त्याचं तोंड पोटावर काढतात आणि तिथे पिशवी लावतात. यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही सर्रास वापरली जाते. काहींना आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून देतात. सातारा-सांगलीकडच्या रुग्णाचं हे ऑपरेशन मिरजेत होतं, कराडला होतं, नाहीतर मुंबईत ‘टाटा’ला, पुढची काही वर्षं करायचे सीटी मात्र पुष्कळदा घराजवळच्या सेंटरवर. तिथे फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड असतं, पण ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि जुन्या स्कॅनची सीडी नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

कारण या पोटात नेहमीच्या खुणा जागेवर नसतात. डाय न भरलेलं आतड्याचं वेटोळं गाठीसारखं दिसतं. डाय लघवीत उतरेपर्यंत थांबून पुन्हा चित्रं घेतली, तर पुष्कळ शंका तिथेच मिटतात. पण आतड्याची जोडणी कशी केली आहे हे ठाऊक असेल, तरच ती चित्रं नीट वाचता येतात. मूत्रपिंड थोडं फुगलेलं दिसणं अशा रुग्णात नेहमीचंच. तेच जोडावर व्रण आकसल्याने किंवा रोग उलटल्यानेही होतं. डावी मूत्रवाहिनी आतड्यामागून उजवीकडे ओढून आणावी लागते, म्हणून तिचा जोड अधिक वेळा आकसतो.

यावर कुणी म्हणेल, शंका आली तर पेट स्कॅन करावा. पण त्यातलं औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. नवं मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या उजळतात आणि शेजारचा बारीक रोग झाकला जाऊ शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: जुना रिपोर्ट आधी वाचला की नजर त्याच वाटेने जाते. हे खरं आहे. म्हणूनच नवी चित्रं आधी कोरी पाहावीत, मत बनवावं, मग जुनी उघडावीत; आणि तुलना चित्रांशी करावी, जुन्या रिपोर्टातल्या वाक्यांशी नव्हे. रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. एका बाजूचा जोड हळूहळू आकसतो तेव्हा बहुधा दुखत नाही, आणि दुसरं मूत्रपिंड क्रिएटिनिन सांभाळून घेतं. सहा महिन्यांपूर्वीच्या चित्रातली मूत्रवाहिनी आणि आजची मूत्रवाहिनी शेजारी ठेवली, की वाढलेली रुंदी दिसते, आणि ते मूत्रपिंड वाचवण्याइतका वेळ तेव्हा बहुतेकदा हाताशी असतो.