काचेची तार आणि घरची बॅटरी

घरांतील कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या चालतात तोंवर त्यांच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं, आणि बंद पडल्या म्हणजे मात्र सर्व घर त्यांच्याभोंवतीं गोळा होतें. टेलिफोनच्या पेटीखालची लहानशी बॅटरी ही त्यांपैकींच एक होय. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस गेल्या आषाढांतील एका प्रसंगावरून वाटलें. तो प्रसंग आधीं सांगतों.

आमचें घर कोंकणांत आहे. भिंती जांभ्या दगडाच्या व हातभर जाड. त्यामुळें आंतल्या खोल्यांत मोबाइल कधीं लागतो, कधीं लागत नाहीं. म्हणून ओटीवरचा टेलिफोन आम्हीं अजून काढलेला नाहीं. पांच वर्षांपूर्वीं तांब्याची जुनी तार जाऊन तिच्या जागीं फायबर आलें. ते बसविणाऱ्या मुलानें भिंतीवर एक पांढरी पेटी ठोकली, तिच्याखालीं बॅटरीची दुसरी पेटी ठेवली, आणि तो म्हणाला, "आतां लाइट गेली तरी फोन चालेल, गुरुजी." आम्हीं विश्वास ठेवला आणि ती पेटी विसरून गेलों.

गेल्या आषाढांत एका रात्रीं दोनच्या सुमारास वादळी पाऊस चालूं असतां वीज गेली, आणि थोड्याच वेळांत वहिनींनीं हांक मारली. आमच्या वडील बंधूंच्या छातींत कळ येत होती. अंगास दरदरून घाम सुटला होता. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी म्हणून आम्हीं रिसीव्हर उचलला, तों त्यांत कसलाच आवाज नाहीं! पेटीवरचे सर्व दिवे विझलेले. पुतण्या मोबाइल घेऊन भर पावसांत रस्त्यापर्यंत गेला, परंतु तोही लागेना. अखेरीस तो दुसऱ्या आळींतील डॉक्टरांना प्रत्यक्ष उठवून घेऊन आला. त्यांत पाऊण तास गेला. ईश्वरकृपेनें दादा आज आमच्यांत आहेत. परंतु तो पाऊण तास आम्ही जन्मांत विसरणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वीज आली आणि पेटीवरचे दिवे पुन्हां हिरवेगार झाले. जणूं कांहीं घडलेंच नव्हतें! घोटाळा नेमका येथेंच आहे. वीज असतांना टेलिफोन विजेवर चालतो. बॅटरीची परीक्षा होतच नाहीं. ती केव्हां मेली हें कळतें तें ऐन संकटांत.

जुन्या टेलिफोनची ही गोष्ट नव्हती. तांब्याच्या तारेंतून शब्दांबरोबर विद्युत्प्रवाहही येत असे. टेलिफोन-कचेरींत मोठमोठ्या बॅटऱ्यांच्या रांगा असत. त्यांतून ४८ व्होल्टचा प्रवाह आपल्या घरापर्यंत पोंचे, आणि वीज फार वेळ गेली तर डिझेलचें यंत्र त्या बॅटऱ्या भरी. त्यामुळें गांव अंधारांत बुडालें तरी टेलिफोन जिवंत राही. आपल्याला तो स्वयंभू वाटे, परंतु त्याला पोसणारा दुसराच होता. नवी तार कांचेची आहे. तिच्यांतून केवळ प्रकाश येतो, आणि काच वीज वाहून नेत नाहीं. त्या प्रकाशाचा शब्द करण्याचें काम घरांतील पांढरी पेटी करते व त्यासाठीं तिला घरची वीज लागते. सारांश, जो भार पूर्वीं कचेरीवर होता तो आतां निमूटपणें गृहस्थाच्या माथ्यावर आला आहे. मात्र ही गोष्ट बहुतेक गृहस्थांस कोणी सांगितलेली नसते.

अमेरिकेंत हा प्रश्न आधींच उभा राहिला होता. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें २०१५ सालीं असा नियम केला कीं, घरच्या विजेवर चालणारी टेलिफोनसेवा देणाऱ्यानें ग्राहकापुढें ८ तास पुरेल अशा बॅटरीचा पर्याय ठेवावा, आणि पुढें तीन वर्षांनीं २४ तासांचाही ठेवावा. परंतु किंमत ग्राहकाची. बॅटरी घ्यावी कीं न घ्यावी हेंही त्याच्याच इच्छेवर. त्या नियमाची मुदतही २०२५ पर्यंतच ठेवलेली होती. म्हणजे तेथेंही अखेर भार घरधन्यावरच!

आतां बॅटरीचा हिशेब पाहूं. आमच्या पेटींतील बॅटरी शिशाची, बंद प्रकारची, १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची आहे. १२ ला ७ नें गुणिलें म्हणजे ८४ वॅट-तास होतात. पांढरी पेटी १० वॅट खात असेल तर कागदावर आठ तास निघतात. परंतु कांहीं शक्ति वायां जाते, आणि बॅटरी अगदीं तळापर्यंत रिती होऊं द्यावयाची नसते. म्हणून पांचसहा तासच धरावे. त्याच पेटींत वाय-फाय असेल तर वीज गेल्यावर तें बंद करावें. मुलें कुरकुर करतील. पण संकटकाळीं सिनेमापेक्षां टेलिफोन अधिक महत्त्वाचा.

अशा बॅटरीचें आयुष्य साधारणतः तीन ते पांच वर्षें. तिचा मोठा शत्रु उष्णता. उष्णमान दहाएक अंशांनीं वाढलें कीं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. आमची पेटी तर पत्र्याच्या पडवीला लागून, पश्चिमेच्या भिंतीवर होती! अलीकडे लिथियमच्या सुटसुटीत पेट्याही मिळतात. त्या हलक्या असतात, परंतु अमर नसतात.

शिशाची बॅटरी बदलणें कठीण नाहीं. प्रथम पेटीचा प्लग काढावा. मग काळी तार आधीं सोडावी व तांबडी नंतर. नवी बसवितांना तांबडी आधीं, काळी नंतर. दोन टोकांस एकाच वेळीं कोणतीही धातूची वस्तु लागूं देऊं नये. नवी बॅटरी १२ व्होल्टचीच व त्याच आकाराची घ्यावी, आणि दुकानदारास तिच्यावरील निर्मितीची तारीख दाखवावयास सांगावें, कारण फळीवर पडून असलेली बॅटरीही आंतून झिजत असते. बसविल्यावर ती पूर्ण दिवसभर भरूं द्यावी. लिथियमची पेटी मात्र घरीं उघडूं नये. ती फुगलेली दिसली तर तत्काळ वापर थांबवून सबंध बदलावी. जुनी बॅटरी केरांत किंवा आगींत टाकूं नये. शिसें हें विष आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.

आणखी तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, बिनतारी रिसीव्हरच्या बैठकीलाही स्वतंत्र वीज लागते. म्हणून घरांत एक साधा तारेचा टेलिफोन असावाच. दुसरी, घरांत इन्व्हर्टर असेल तर पांढरी पेटी त्याच्या जोडणीवरील प्लगांत आहे ना तें पाहावें. कांहीं इन्व्हर्टर चालूं होण्यास क्षणभर लावतात, तेवढ्यांत पेटी बंद पडून पुन्हां सुरू होते, व तोंवर टेलिफोन मुका राहतो. तिसरी, सेवा देणाराच्या टोकालाही वीज लागते. तेथें संचय नसेल तर आपल्या बॅटरीचा उपयोग नाहीं. तेव्हां हें त्यास स्पष्ट विचारावें.

आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमचा नातू पेटीचा प्लग काढतो, तारेच्या टेलिफोनवरून आत्याला फोन करतो, आणि अर्ध्या तासानें पुन्हां करून पाहतो. बॅटरीवर बसविल्याची तारीख चिकटविली आहे, व तीन वर्षांनंतरची तारीख दिनदर्शिकेंत लिहून ठेवली आहे. गेल्या महिन्यांत तो म्हणाला, "आजोबा, बॅटरी चांगली आहे हें माहीत असून दर वेळीं कशाला पाहायचें?" आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच आंतून दादांचा आवाज आला, "पाहा रे बाळा, पाहा. मला अजून बरींच वर्षें काढायचीं आहेत."

आग लागल्यावर विहीर खणूं नये, हें शाळेंत आम्हीं पस्तीस वर्षें शिकविलें. स्वतःच्या ओटीवर मात्र तें विसरलों. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर उठून आपापल्या पेटीचा प्लग एकदां काढून पाहावा, एवढीच विनंती.