कामठ्याचा सातबारा कोण सांभाळतं?

गोंदिया तालुक्यातलं कामठा ही जुनी जमीनदारी. इथल्या शेतकऱ्याला तलाठी (नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) ठाऊक असतो. सातबाऱ्याच्या संगणकीय नोंदी जपणारा डेटाबेस प्रशासक मात्र कधीच दिसत नाही.

कामाची रीत दोघांची सारखीच. जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५० नुसार बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये चढतो. नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. जुनं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात. ओरॅकल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींमध्येही बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत लिहिला जातो, तक्त्याच्या फाइलमध्ये नंतर. सर्व्हर मध्येच बंद पडला, तर त्याच लॉगवरून सगळं पुन्हा उभं राहतं.

प्रशासकाचा दिवस बॅकअप, परवानग्या आणि रेंगाळणाऱ्या क्वेरी यांत जातो. मोठे बदल रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, कारण तेव्हा वापर कमी. काम बिनचूक झालं तर कुणाला कळतही नाही. कौतुकाची हौस असलेल्यानं या वाटेला जाऊ नये! एक गोष्ट मात्र हे लोक एकमेकांना बजावत असतात: परत उभा करून पाहिला नाही, तो बॅकअप धरायचाच नाही.

याच संगणकीय नोंदींमधून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळतो. महाभूमी पोर्टलवरून तो काढला की नाव, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक जुन्या प्रतीशी ताडून पाहा.